आवाजाचा अडीचशेवा हिस्सा

“मग ओ कशाला दिलीत?”

नेवगी अजून होडीतून पुरते उतरलेही नव्हते. एक पाय होडीत, दुसरा चिखलात, हातात बूट, आणि तोंडी हा प्रश्न.

मौनीबुवांनी होडीची दोरी खुंटाला बांधली.

“मी पलीकडून हाक मारली. तुम्ही लगेच ओ दिलीत. मला वाटलं, निघालात. मग तासभर तुमचा पत्ता नाही!”

“होडी चिखलात रुतलेली. भरतीबिगर निघत न्हाई.”

“तेच म्हणतोय मी. होडी निघणार नव्हती, हे तुम्हांला तेव्हाच ठाऊक होतं. मग ओ कशाला दिलीत?”

बुवांनी वल्हं खांद्यावर टाकलं आणि खोपटाकडे चालू लागले.

नेवगी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. असल्या वागण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या जहाजावर त्यांनी काही विचारलं की चार माणसं एकदम उत्तर द्यायला धावत.

मौनीबुवांना मौनी का म्हणत, हे एक कोडंच होतं. त्यांनी मौन कधी धरलं नव्हतं. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही आणि न विचारलेलं मध्येच बोलायचं, ही त्यांची खोड. लोकांनी कंटाळून नाव ठेवलं आणि ते चिकटलं. साताऱ्याकडचा माणूस, कधीकाळी खाडीच्या तोंडाशी येऊन खोपट बांधून राहिला, एवढंच गावाला माहीत होतं. माणसं आपली दुःखं घेऊन होडीनं पलीकडे जात. काही हलकी होऊन परतत, काही शिव्या घालत परतत.

भालचंद्र नेवगी दुसऱ्या प्रकारात मोडणार, असं आत्तापर्यंत तरी दिसत होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या तासाभरात नेवगींचं काही बिघडलं नव्हतं. पलीकडून ओ आली, तसे ते काठावरच्या उंडिणीच्या झाडाखाली टेकले, मग आडवे झाले, आणि चक्क घोरले. वर्षभरात त्यांना रात्रीचीसुद्धा धड झोप नव्हती. पण हे त्यांनी बुवांना सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

खोपटात बुवांनी कोरा चहा टाकला.

“काय करतोस?”

“पाण्याखालचे आवाज ऐकतो. जहाजावर. पाण्यात माइक सोडायचा, कानाला यंत्र लावायचं. कुठलं इंजिन, किती लांब, कुठल्या दिशेला... सगळं सांगतो. सांगायचो. आता रजेवर आहे.”

“रजेवर काय करतोस?”

“भागाकार,” ते म्हणाले.

ते खरंच होतं. दुःख झालं की कुणी दारू पितं, कुणी देव देव करतं. नेवगी भागाकार करीत. बायकोनं आधी डॉक्टर केला, मग ज्योतिषी केला, आणि शेवटी हात जोडले, म्हणून ते इथवर आले होते. बुवा-बाबांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आपल्याला जे सुटत नाही ते एका दाढीवाल्याला काय सुटणार, असं त्यांनी घरून निघतानाच बोलून दाखवलं होतं.

“बुवा, समुद्राच्या पाण्यात आवाज किती वेगानं जातो, माहीत आहे?”

बुवा चहावर फुंकर घालत होते.

“हवेत सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या जरा आत. समुद्रात दीड हजाराच्या वर. पाणी जितकं उबदार, जितकं खारट, तितकं आणखी थोडं जास्त. मी आता सगळे वेग त्याच मापात मोजतो. त्या आवाजाला एक धरायचं, आणि बाकीच्या जगाला त्यानं भागायचं.”

“बरं.”

“मला इथं आणणारी एसटी आवाजाच्या शंभराव्या हिश्शानं चालत होती. मी स्टँडवरून काठापर्यंत चालत आलो, तो हजाराव्या. तुमची होडी तीन हजाराव्या. म्हणजे मन लावून वल्हवलंत तर.”

बुवा हसले. दात फारसे नव्हते.

“आणि तू?”

“मी म्हणजे?”

“तू कितव्या?”

नेवगींनी कप खाली ठेवला.

“माझं जहाज... बारा नॉट. तासाला बावीस किलोमीटर. सेकंदाला सहा मीटरच्या थोडं वर. कशातही मांडा. आवाजाच्या अडीचशेव्या हिश्शानं, बुवा. आवाज माझ्याकडे चार सेकंदांत आला. मी त्याच्याकडे आवाजाच्या अडीचशेव्या हिश्शानं गेलो.”

“कुणाकडं?”

“जयवंतकडे.”

बाहेर भरतीचं पाणी वर चढत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग नेवगी आपणहून बोलू लागले.

जयवंत तांडेल हा त्यांच्या हाताखालचा. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला पोरगा. आईच्या हातची सुकट डब्यात आणायचा आणि यंत्रांच्या खोलीभर वास करून ठेवायचा, म्हणून नेवगींनी त्याला कितीदा तरी झापलं होतं. पण कान असा तिखट, की दोन वर्षांत तो नेवगींच्या बरोबरीला आला. नेवगींनी तीस वर्षांत पोरांच्या पिढ्या शिकवल्या होत्या, पण ‘माझा शिष्य’ हा शब्द त्यांनी एकाच्याच बाबतीत वापरला. तोही त्याच्यामागे.

“मी सगळ्यांना पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवतो. ऐकायचं असेल तर आपण गप्प राहायचं. ही एक. आणि पाण्यात कुठं अडकलात तर लोखंडावर तीन ठोके मारा, थांबा, परत तीन मारा. मी जगाच्या पाठीवर कुठंही असलो तरी ऐकेन. ही दुसरी.”

“मग?”

“मग तो अडकला.”

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. जयवंत छोटी लाँच घेऊन खोली मोजायला गेला होता. अचानक वादळी पाऊस आला आणि लाँच उलटली. चालवणारा बाहेर फेकला गेला, त्याला मच्छीमारांनी उचललं. जयवंत केबिनमध्ये होता. उलट्या लाँचमध्ये वर थोडी हवा कोंडून राहते, तिच्यात तो राहिला. पावसानं समोरचं दिसत नव्हतं. उलटी लाँच पाण्याबरोबर वाहत कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मी माइक पाण्यात सोडला. पहिल्याच फटक्यात ऐकू आलं. टक टक टक. मग थांबला. टक टक टक. माझं शिकवलेलं. सहा किलोमीटरांवर होता, बुवा. बाकी कुणाला ते कळलंसुद्धा नसतं. मला कळलं.”

हे सांगताना, इतकं सगळं होऊनही, त्यांची मान किंचित ताठ झाली. तीस वर्षांचा अभिमान असा एका वर्षात जात नाही.

“तू काय केलंस?”

“जे करायचं तेच. दिशा पक्की करायची म्हणून इंजिन बंद करायला लावलं. पंप बंद. आमच्याकडे पाण्यात आवाज सोडायचं यंत्र असतं, ते सगळ्यांत आधी बंद केलं. स्वैपाक्याच्या हातातलं भांडं खाली ठेवायला लावलं. जहाजावर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. दिशा मिळाली, तसे निघालो. थोडं गेल्यावर परत थांबलो, परत सगळं बंद, परत ऐकलं. तो वाहत होता ना... सारखी दिशा बदलत होती. असं थांबत, ऐकत, जात, थांबत.”

“पोचलास?”

“अचूक पोचलो. पावसात, न दिसता, सरळ त्याच्यावर. नंतर चौकशी झाली, तिच्यात माझी पाठ थोपटली सगळ्यांनी.”

बुवांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“लाँच दिसली तेव्हा ठोके बंद होऊन थोडा वेळ झाला होता. पाणबुडे आत गेले. बाहेर काढला तेव्हा हातात लोखंडी पाना तसाच होता. मूठ बोट बोट करून उघडावी लागली.”

चहा निवून गेला होता. नेवगींनी तो तसाच पिऊन टाकला.

“तेव्हापासून मी हिशेब करतोय. थांबलो नसतो तर? पण मग चुकीच्या दिशेला गेलो असतो. दोनदाच थांबलो असतो तर? जहाज चौदा नॉटनं नेलं असतं तर? ते जातच नाही चौदानं. पाणी त्या दिवशी पावसानं वर जरा गोडं झालं असेल, आवाजाचा वेग थोडा कमी आला असेल, तेही धरून पाहिलं. नॉटमध्ये केला, किलोमीटरमध्ये केला, मीटरमध्ये केला, आवाजाच्या मापात केला. मला चूक सापडत नाही, बुवा. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.”

बुवांनी विचारलं, “कुठल्या मापात लवकर पोचलास?”

नेवगींना वाटलं, नीट ऐकलं नाही.

“काय?”

“न्हाई, इतकी मापं लावलीस. कुठल्यातरी एकात येळंवर पोचला असशील.”

नेवगींची कानशिलं तापली. ते ताडकन उठले.

“चेष्टा करता? मी इथं... माझा मुलगा म्हणा, शिष्य म्हणा, गेला! मी तुम्हांला देव मानून आलो नव्हतो, पण निदान माणूस असाल, असं वाटलं होतं.”

“बस.”

“नाही बसत. मला पलीकडे सोडा. आता तरी होडी निघेल ना?”

“निघंल.” बुवाही उठले. “त्याची आई हाय?”

नेवगी दारातच थांबले.

आईबद्दल, त्या सुकटीपलीकडे, त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बायकोलाही पुरतं सांगितलं नव्हतं.

“आहे. हौसाबाई. मासळी विकते. नवरा आधीच गेलेला.”

“भेटलास तिला?”

“नाही.”

“का?”

नेवगींनी दाराची चौकट धरली. मघाचा राग होता, पण आता त्याला जोर राहिला नव्हता.

“तिला सांगितलं होतं, पोरगा तत्काळ गेला, त्रास झाला नाही. कंपनीनंच तसं सांगितलं. पण जहाजावरचे खलाशी तिच्याच वाड्यातले. कुणीतरी ठोक्यांचं बोललं. मग तिनं मला फोन केला. एकच प्रश्न विचारला.”

“काय?”

“म्हणाली... ‘साहेब, माज्या पोराला कललं व्हतं का, तुमी येताव म्हणून?’”

नेवगींनी चौकट सोडली.

“मी म्हटलं, रेंज नाही, ऐकू येत नाही, आणि ठेवून दिला. मी! मला ऐकू येत नाही म्हणालो. तेव्हापासून रोज दिवेलागणीला करते. बाजार उरकून घरी येते आणि करते. मी उचलत नाही. वाजून वाजून थांबतो. ती रागावत नाही, कुणाकडे तक्रार करत नाही. दुसऱ्या दिवशी परत करते. आधी माझा हिशेब लागू दे, मला आणखी लवकर पोचता आलं असतं की नाही ते कळू दे, मग तिच्याशी बोलेन, असं ठरवलं मी. म्हणून करतोय हे भागाकार.”

“ती विचारते ते तू लवकर पोचलास का, असं न्हाई.”

“म्हणजे?”

पण बुवांनी वल्हं उचललं आणि बाहेर पडले.

होडीकडे जायची वाट खडकांतून होती. मध्ये एक डोह होता. भरतीचं पाणी त्यात शिरून कमरेएवढं साठे. बुवा तिथं थांबले, वल्हं नेवगींच्या हातात दिलं, पंचा सोडून खडकावर ठेवला, आणि दोन गोटे घेऊन लंगोटीनिशी पाण्यात उतरले.

“अहो, काय करताय? या वयात?”

“ऐक,” बुवा म्हणाले आणि डोक्यासकट पाण्याखाली गेले.

नेवगी चरफडले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, दुसरं काय! आता हा वर आला की मुकाट्यानं पलीकडे जायचं आणि परत या वाटेला फिरकायचं नाही.

तेवढ्यात पायांखालच्या खडकातून काहीतरी जाणवलं. बारीकसं.

जन्माची सवय. नेवगींनी विचार केलाच नाही. खांद्यावरची पिशवी खडकावर टाकली, वल्ह्याचं पातं डोहात बुडवलं, खाली वाकले आणि दांड्याचं टोक कानाला लावलं.

टक टक टक.

थांबला.

टक टक टक.

वर्षभरात त्यांनी काही ऐकलं नव्हतं. कानाला यंत्र लावायची हिंमत झाली नव्हती. आणि आता हे इतकं स्वच्छ. त्यांचे डोळे क्षणभर मिटले. गोटे लहान आहेत. उजवा हात जड, डावा हलका. तीन ठोक्यांतला तिसरा जरा उतरता. घड्याळ आपोआप डोळ्यांसमोर धरलं गेलं. शेजारच्या खडकावर एक टिटवी ओरडली, तर तिला त्यांनी हातानं गप्प केलं.

टक टक... टक.

मधलं अंतर वाढतंय. जोर कमी होतोय. नोंद घ्यावी तसं त्यांच्या डोक्यात उमटत होतं.

टक... टक.

मग बराच वेळ काही नाही.

मग एक.

नेवगी पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिले. ऐकणारा माणूस घाई करत नाही. ठोका राहून गेला असेल, येईल, असं म्हणून तो श्वास धरून थांबतो. तसे ते थांबले होते.

आणि मग त्यांच्या अंगावर काटा आला. वल्हं टाकून त्यांनी कपड्यांसकट डोहात उडी घेतली, म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले आणि त्याला वर ओढलं.

बुवांचे ओठ काळेनिळे पडले होते. ते खोकले, पाणी ओकले, पुन्हा खोकले. नेवगी त्यांची पाठ चोळत होते. बऱ्याच वेळानं बुवांना श्वास गवसला.

“ऐकलंस?”

“ऐकलं. सगळं ऐकलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट ऐकलं. मरायला निघाला होतात का?”

बुवांनी दाढीवरचं पाणी निपटलं.

“मला कसं कळावं?” ते म्हणाले.

नेवगींनी मागं वळून पाहिलं.

वल्हं डोहात तरंगत होतं. त्यांच्या हातातलं वल्हं. एवढा वेळ त्याचं एक टोक पाण्यात होतं. त्यावर एक टिचकी मारायची होती. एक.

ते तिथंच, कमरेभर पाण्यात उभे राहिले. ऊन उतरलं होतं. बुवा कुडकुडत काठावर जाऊन बसले.

“यंत्र होतं,” नेवगी म्हणाले. ते बुवांशी बोलत नव्हते. “आवाज सोडायचं. बोटाखाली होतं. मी ते बंद केलं. सगळ्यांत आधी मी तेच बंद केलं... चार सेकंद. मला ऐकू आल्यापासून चार सेकंदांत त्याला कळलं असतं. मला पोचायला वेळ लागला. तो लागणारच होता. त्याला काही उपाय नव्हता. पण आवाजाला... आवाजाला चारच सेकंद लागले असते.”

पाणी त्यांच्याभोवती हळूहळू चढत होतं.

“बुवा, आम्ही इंजिन बंद करत होतो.”

बुवांनी मान वर केली.

“दिशा घ्यायला. पुन्हा पुन्हा. त्याला ते आतून ऐकू येत असणार. त्याचा कान तिखट, माझ्यापेक्षा तिखट. एक जहाज येतंय... येतंय... आणि बंद. काहीच नाही. मग परत येतंय, परत बंद. त्या बाजूनं जहाजांची ये-जा असते. त्याला काय वाटलं असेल? गेलं. हेही गेलं. प्रत्येक वेळी मी त्याचं ऐकायला थांबलो, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं, गेले.”

त्यांनी दोन्ही तळवे कानांवर दाबून धरले.

“त्याला कळलं नव्हतं. हे आहे तिचं उत्तर. कळलं नव्हतं! गुरू सहा किलोमीटरांवर बसून त्याचे ठोके मोजत होता, आणि पोरगा एकटा गेला. मी शिकवलं होतं त्याला, मी ऐकेन. ऐकलं मी. त्यापुढचं शिकवलंच नव्हतं मी कुणाला. मलाच ठाऊक नव्हतं.”

ते रडले. मोठ्यानं, लाज न बाळगता. वर्षभर भागाकारांखाली दडपून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, आणि बाहेर आल्यानं काही हलकं झालं नाही. काही दुःखं रडून हलकी होतात, असं म्हणतात. हे त्यांतलं नव्हतं.

बुवा त्यांच्याजवळ आले नाहीत. पाठीवर हात ठेवला नाही. पंचा अंगाभोवती गुंडाळून बसून राहिले.

पलीकडच्या गावात कुणीतरी दिवा लावला.

आणि खडकावर ठेवलेल्या नेवगींच्या पिशवीत फोन वाजू लागला.

नेवगी दचकले. मग ओलेचिंब तसेच बाहेर आले, पिशवी उघडली आणि फोन हातात घेतला. नाव बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी बघितलं.

“तीच आहे.”

बुवांनी पंचा घट्ट ओढून घेतला.

“उचलून काय सांगू? कळलं होतं म्हणून खोटं सांगू?... तिला कळेल. ज्या आवाजात सांगेन त्यावरून कळेल. खरं सांगू? तुझ्या पोराला कळलं नव्हतं, माझ्यामुळे कळलं नव्हतं, असं? मग ती कशी जगेल? आणि सांगून मी तिला देणार काय? पोरगा? काय आहे माझ्याकडे?”

फोन वाजत होता. रोज केव्हाच थांबतो, आज थांबत नव्हता. किंवा रोजही इतकाच वाजत असेल. नेवगींनी तो कधी शेवटपर्यंत ऐकला नव्हता.

“बोला ना, बुवा. तुम्ही मला इथपर्यंत आणलंत. आता सांगा काहीतरी. माझ्याकडे तिला द्यायला काही म्हणजे काही नाही!”

बुवा उठले. डोहातलं वल्हं ओढून घेतलं. पात्यावरचं पाणी झटकलं. होडीकडे दोन पावलं गेले आणि वळले.

“दुपारी तू हाक मारलीस अन् मी ओ दिली, तवा माझ्याकडं तरी होडी कुठं होती?”